सतरा नंबरच्या खात्याचे नाना

नंदाखालमध्ये नाना ज्याला ओळखत नाहीत तो माणूस जन्मालाच आलेला नाही, असं आमच्या गावातल्या बँकेचं एकेकाळी ठाम मत होतं. आमच्या घराला लागूनच नानांची केळी-पेरूची वाडी. गावात शाखा निघाली तेव्हा नानांचं खातं सतरावं. त्या काळी नवं खातं उघडायचं तर जुन्या खातेदाराला फॉर्मवर ‘मी यांना ओळखतो’ म्हणून सही द्यावी लागे. बाकीचे लोक अशी सही रस्त्यात, सायकलवरून एक पाय टेकून देत. नाना मात्र आधी माणूस तपासत. न सांगता त्याच्या घरी जायचे, पाणी मागायचे आणि घरातल्या म्हाताऱ्यांशी कोण कसं बोलतं ते ऐकत बसायचे. शाळेत नव्याने आलेल्या मास्तरांना त्यांनी लागोपाठ तीन रविवार बोलावलं. तिसऱ्या रविवारी सही केली आणि मला म्हणाले, “शिंकताना तोंड वळवतो. माणूस चांगला आहे.” तोवर बिचाऱ्याचा पगार अडकून पडला होता, ते सोडा. स्वतःच्या जावयाला तर त्यांनी चक्क नकार दिला. “लग्नाला अकराच महिने झालेत. एवढ्यात ओळखतो म्हणून कसं सांगू?” यावर नानी आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. ते आठ दिवस फार सुखाचे गेले, असं नाना अजून सांगतात.

मी अठरा वर्षांचा झालो तेव्हा माझीही तपासणी झाली. नानांनी एकच प्रश्न विचारला, “आमचे पेरू कोण चोरतं?” मी मान खाली घालून “मी” म्हणालो आणि सही मिळाली.

पुढे नियम बदलला. कागदपत्रं असली की पुरे, ओळख देणाऱ्याची गरज उरली नाही. बरंच झालं म्हणा. जवळच्या विरारला नव्याने राहायला येणाऱ्या माणसाला ओळख देणार कोण? पण हे नानांना सांगायला मात्र कुणी गेलं नाही. मीही नाही. सहीसाठी कुणी फिरकेना, तेव्हा ते काळजीने म्हणायचे, “हल्ली लोक पैसे घरातच ठेवतात वाटतं.”

गेल्या महिन्यात माझी मुलगी अठरा वर्षांची झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना दारात हजर. इस्त्रीचा सदरा, खिशाला शाईचं पेन.

“चल पोरी, बँकेत जाऊन येऊ.”

“अहो आजोबा, खातं झालंपण! काल फोनवरच. चार मिनिटांत.”

“आणि ओळख कोणी दिली?”

“आधार टाकलं, ओटीपी आला, मग कॅमेऱ्यात बघून डोळे मिचकावले.”

नानांनी माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं आपण गप्प राहिलो याची मला शरम वाटली. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं आणि उठू लागले. तेवढ्यात मुलगी त्यांच्या शेजारी येऊन बसली.

“पण आजोबा, तुम्ही मला काही विचारलंच नाहीत.”

नाना पुन्हा बसले. घसा खाकरला.

“आमचे पेरू कोण चोरतं?”

“बाबा. अजूनही.”

नाना हसले नाहीत. माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, “खरं बोलते. मी हिला ओळखतो.”

सही करायला कुठेच कागद नव्हता. म्हणून मी हे इथे लिहून ठेवतोय.