मामांनी दाखवलेली जागा

शिळ्या बातमीवर ताजा संताप करावा तर आमच्या मामांनीच. मामा म्हणजे साताऱ्याच्या आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेतले सेवक, मूळचे पाटणकडचे. डोंगरातून आणलेली रोपं जुन्या वर्तमानपत्रांत दाबून वाळवायची, हे त्यांचं काम. रोप वाळलं की घडी उघडायची आणि त्याच्याखालचा कागद वाचून काढायचा. जगाची खबर त्यांना एवढ्याच वाटेने मिळायची, आणि ती सहा महिने उशिरा. एकदा ऐन दिवाळीच्या तोंडावर ते लालबुंद होऊन वर्गात शिरले. "आवं, एस्टीचा संप हाय, आनि तुमी निवांत बसलाय व्हय?" संप उन्हाळ्यातच मिटला होता आणि मामा स्वतः त्या सकाळी एस्टीनेच आले होते. हे त्यांना सांगायची कुणाची छाती नव्हती.

रोपं दाबायची लाकडी चौकट ते मांडीवर घेऊन प्रवास करत. एका कंडक्टरने ती टपावर टाकायला सांगितली, तर मामा खाली उतरले आणि उरलेली वाट चालत आले. डोंगरात त्यांचा कायदा एकच : "सात दिसल्याबिगर एकाला हात लावायचा न्हाई." मी एकदा सहाच मोजून एक उपटलं. त्या दिवशी पठारावरून खाली येईपर्यंत मामा माझ्याशी बोलले नाहीत. बोलले ते त्या रोपाशी, माझ्यादेखत, माझ्याबद्दल. पण त्याच वर्षी एका कड्याखाली त्यांनी मला कंदीलपुष्प दाखवलं. उभ्या डोंगरात दोनच वेली होत्या. मी फोटो काढला. मामा म्हणाले, "बघितलंस न्हवं? आता जागा इसर."

यंदा त्याच कॉलेजात दुर्मीळ वनस्पतींवर परिषद होती. मी आता दुसऱ्या गावी प्राध्यापक आहे, पण अजिंक्यतारा दिसला की अजून एस्टीच्या खिडकीला नाक लावतो. निवृत्त मामांना मी मुद्दाम बोलावलं आणि दारातच माझं डोकं फिरलं. गळ्यात ओळखपत्र नाही म्हणून त्यांना अडवलं होतं! ज्या इमारतीतल्या कपाटांच्या किल्ल्या उभा जन्म ह्या माणसाने सांभाळल्या, त्याच इमारतीच्या दारात! मी भांडलो, तेव्हा कुठे त्यांना शेवटच्या रांगेत जागा मिळाली. व्यासपीठावर प्लास्टिकात गुंडाळलेल्या फुलांचे गुच्छ वाटले जात होते. मग विभागप्रमुखांनी मामांनी दाबलेली रोपं एकेक करून पडद्यावर दाखवली. प्रत्येकाखाली 'संग्राहक' म्हणून कुठल्या ना कुठल्या साहेबाचं नाव. मामांचं एकावरही नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझी पाळी आली की सगळ्यांची खरडपट्टी काढायची, असं ठरवूनच मी उठलो.

पडद्यावर माझं पहिलंच चित्र आलं : कंदीलपुष्प. खाली कड्याचं नाव, तिथवरची वाट, आणि 'शोध' ह्या शब्दापुढे माझं नाव. हे सगळं मीच लिहिलं होतं. तेवढ्यात मागून आवाज आला.

"नाव कुणाचंबी घाल रं! जागा कशाला घातलीस? उद्या कुदळी घिऊन येत्याल!"

सभागृह हसलं. हसणाऱ्यांचा मला भयंकर राग आला, पण आता तो कुठल्या तोंडाने बोलून दाखवणार? मामा टोपी नीट करून निघून गेले.

जागा मी त्याच संध्याकाळी खोडली. नाव मात्र अजून तसंच आहे, आणि स्वतःचा इतका संताप मला कधी आला नव्हता. परिषदेची बातमी माझ्या फोटोसकट तिथल्या वर्तमानपत्रात आली : 'कंदीलपुष्पाचा शोध लावणारे प्राध्यापक'. मामा अजूनही घरी रोपं दाबतात. सहा महिन्यांनी कुठल्यातरी वाळलेल्या फुलाखाली तो कागद त्यांच्या हाती लागेल आणि ते पहिल्यापासून चिडतील. त्याच्या आत चित्राखाली 'शोध'पुढे त्यांचं नाव लिहून, ते दाखवायला मला पाटणला जायचं आहे.