सरांची सही

प्रदर्शनात एका जपानी चित्रापुढे मी थबकले. लाकडी ठशावरून छापलेलं चित्र होतं. पुलावरून वाटसरू निघालेत आणि वरून तिरका पाऊस. पावसाची ती केसासारखी एकेक रेघ कुणीतरी डोळे फोडून लाकडात कोरली असणार. कोपऱ्यात नाव मात्र चित्रकाराचं.

मी ज्यांच्याकडे काम करते ते सरही नुसतं चित्र काढतात, ठसा मी कोरते. परवा पाहुण्यांसमोर म्हणाले, "कोरणं म्हणजे काय, हमालीच ती!" मी चहा दिला.

ठशावर अक्षरं उलटी कोरली, तरच ती कागदावर सुलटी उमटतात. आज सरांच्या नव्या घाटाच्या चित्राच्या ठशावर त्यांची सही कोरायची होती. मी ती मन लावून कोरली, ठसठशीत आणि अगदी सुलटी.