अमावास्येच्या भरवशावर

तिशीत मी फार हुशार होते. आता गुडघे दुखतात आणि हुशारी म्हटली की धडकी भरते.

त्या हुशार बाईचं काम असं होतं: कारखान्यातल्या गॅस सेन्सरचं म्हणणं, गॅस गळला की भोंगा वाजवणाऱ्या पॅनलमधल्या कॉम्प्युटरला कळावं म्हणून मधला कोड लिहायचा. त्याला ड्रायव्हर म्हणतात. पेणला आमच्या आळीतल्या बाया गणपतींचे डोळे आखायच्या आणि ही बया मान ताठ करून त्यांच्यासमोरून कामाला जायची. एकदा शेजारणीने विचारलं, "तू काय रंगवतेस गो?" ही म्हणाली, "मी वेळ मोजते." एवढा तोरा!

मोजायची ती अशी. पॅनल चालू केलं की सेकंदाच्या हजाराव्या भागाने एक आकडा वाढत जातो. पण त्याला जागा ठरलेली. साधारण सात आठवड्यांनी ती भरते आणि आकडा पुन्हा शून्यावर येतो, जुन्या स्कूटरच्या मीटरसारखा. माझा कोड बघायचा की मागच्या वेळी सेन्सर वाचला तेव्हाच्या आकड्यापेक्षा आत्ताचा पुरेसा पुढे गेलाय का. गेला असेल तर पुन्हा वाचायचा. आता मीटर उलटला की आत्ताचा आकडा मागच्यापेक्षा लहान. कोडला वाटणार, वाचायची वेळ अजून झालीच नाय. मग तो थांबणार, आणखी सात आठवडे. आणि तोवर पॅनलवर शेवटचा वाचलेला आकडा तसाच दिसत राहणार, छान हिरवा.

हे मला माहीत नव्हतं असं नाय. आमच्या साहेबांनी विचारलंच होतं, "मीटर उलटला तर?"

पॅनल रोह्याच्या ज्या कारखान्यात बसणार होतं, तिथली रीत मी त्यांना ऐकवली. दर अमावास्येला सगळं बंद करायचं, यंत्रांना हळदकुंकू, नारळ, मग पुन्हा चालू. म्हणजे महिन्याच्या आतच आकडा शून्यावर.

"आणि अमावास्या चुकली तर?"

"अमावास्या कशी चुकेल, सर?"

खोलीतले सगळे हसले. मीही हसले, सगळ्यांत मोठ्याने. पंचांगावर विसंबून कोड लिहिणारी बाई जगात दुसरी झाली नसेल. वर तिला शाबासकी मिळाली!

पॅनल बनवणारी आमची ती छोटी कंपनी पुढे बंद पडली. मी घरी बसले, केस पिकले. सून आली आणि तिला नोकरी लागली ती नेमकी त्याच कारखान्याच्या लॅबमध्ये. पॅनल तेच. मला उगाच अभिमान वाटायचा.

गेल्या हिवाळ्यात, देवदिवाळी होऊन चार दिवस झाले होते. तिची दुपारची शिफ्ट होती. सकाळी आम्ही दोघी मोड आलेले वाल सोलत बसलो होतो.

"नव्या साहेबांनी अमावास्येचा नारळ बंद केला, आई. म्हणतात, पूजा घरी करा, प्लॅन्ट कशाला थांबवता?"

"शहाणा दिसतो," मी म्हटलं. नारळावर माझा जीव कधीच नव्हता.

"आणि पॅनल काय मस्त चाललंय! चार दिवस आकडा जागचा हललेला नाय. साहेब तर जो येईल त्याला दाखवतात, बघा कसं स्थिर."

माझ्या बोटाला वालाची साल चिकटली होती, ती तशीच राहिली.

"शेवटचं बंद कधी केलेलं गो?"

"दसऱ्याला, यंत्रांच्या पूजेला. का?"

दसरा ते देवदिवाळी. पेरांवर मोजलं. सात आठवडे आणि वर थोडं. मग मी तिला सगळं सांगितलं, खोलीतल्या हसण्यासकट. ती हसली नाय. तिने साहेबांना फोन लावला.

"आकडा हिरवा आहे ना?" साहेबांचा आवाज आला. "मग सासूबाईंना म्हणावं, आराम करा."

"हिरवाच राहणार तो!" मी ओरडले. "खाली माणूस पडला तरी हिरवाच!"

फोन ठेवला गेला. सून पदर खोचून उठली. "मला तर जायलाच लागेल, आई. तुम्ही येताय?"

कासू स्टेशनला गाडीत एक माणूस चढला आणि सुनेला बघून शेजारी येऊन बसला. तिच्याच शिफ्टचा, पंपाच्या खड्ड्यावर कामाला. पूर्वी मिठागरात राबलेला. डोळे लालभडक.

मला राहवलं नाय. "काय रे, बायकोने रडवलं की काय?"

"तिची काय बिशाद, आजी! चार दिवस जळजळतायत. खड्ड्यात उतरलो की जास्तच."

"सांगितलंस कुणाला?"

"व्हय तर. साहेबांनी पॅनल बघितलं. हिरवा हाय. म्हणजे माझ्या डोळ्यांचंच कायतरी असंल."

सुनेने माझ्याकडे बघितलं.

"आज खड्ड्यात उतरू नकोस," मी म्हटलं. "पॅनल खोटं बोलतंय."

"मग काय तुमी उतरणार?" तो हसला. सुनेनेही सांगितलं. त्याने मान हलवली, माणसं म्हातारीचं मन राखायला हलवतात तशी.

गेटवर त्याला आत सोडलं, मला अडवलं. पास नव्हता. सून धावत लॅबमध्ये गेली. सेन्सर तपासायची नमुना गॅसची बाटली तिच्याच ताब्यात असते. साहेबांना हाताला धरून तिने पॅनलपुढे उभं केलं आणि एकाला सेन्सरच्या तोंडाशी बाटली धरायला लावली. भोंगा वाजायला हवा होता. आकडा हलला नाय. साहेबांनी दुसऱ्यांदा धरायला सांगितली. नाय.

मग हाताने भोंगा वाजवला. मी गेटबाहेरच्या बाकावर होते, मला तो ऐकू आला. सगळे मैदानात जमले. एक माणूस कमी होता.

तो खड्ड्याच्या शिडीशी सापडला. जिवंत होता. फुप्फुसं मात्र भाजल्यासारखी झालीत, असं डॉक्टर म्हणाले.

दुरुस्ती एका ओळीची होती. अकराला झोपलेला माणूस दोनला उठला तर तीन तास झोपला, हे पोरालाही कळतं. दोन हा अकरापेक्षा लहान, म्हणून तो अजून झोपलाच नाय, असं कुणी म्हणत नाय. वजाबाकी घड्याळासारखी गोल करायची, बस. जुना कोड माझ्याकडे डिस्कवर होता. ती ओळ मी बदलली. आणखी एक केलं. आता पॅनल चालू केलं की आकडा शून्यापासून निघत नाय, उलटायला पाच मिनिटं उरलीत अशा जागेपासून निघतो. काही बिघडणार असेल तर समोर माणूस उभा असताना बिघडेल. हे तिशीतल्या बाईलाही सुचू शकलं असतं, पण ती हसण्यात गुंतली होती.

साहेबांनी नारळ परत सुरू केला. आता अमावास्येला पॅनल चालू झालं की सून बाटली घेऊन पाच मिनिटं उभी राहते, आकडा उलटू देते आणि मग गॅस दाखवते. भोंगा वाजला की घरी फोन करते. "वाजला, आई." एवढंच.

मध्यंतरी आम्ही दोघी कासूला उतरून त्या खड्ड्यावरच्या माणसाच्या घरी गेलो. तो भिंतीला टेकून बसला होता. दोन शब्दांमध्ये थांबत होता. बायकोने चहा दिला.

"तुमीच ना पॅनल नीट केलेल्या आजी? लय उपकार झाले."

सून खाली बघत राहिली. मी चहा बशीत ओतला.

"अमावास्येचा नारळ बंद केला ना त्या साहेबांनी," त्याची बायको म्हणाली, "म्हणून झालं बघा हे सगळं. तुमी शिकलेल्या, तुमाला नाय पटायचं."

"पटतं गो," मी म्हटलं.

त्याने श्वास घेतला. "आता... वाजतो ना?"

"वाजतो."

त्याने मान हलवली. मी चहा संपवला.