आगवाल्याचा गुडघा

आपल्या निजामाच्या मोगलाईत समुद्र पाहिलेला माणूस विरळाच. धारूरच्या डोंगरातला बंकट मात्र गुरंढोरं सोडून मुंबईला पळाला आणि बोटीच्या भट्टीत कोळसा मारणारा आगवाला झाला. अकरा वर्षांत त्यानं एडन पाहिलं, बसरा पाहिलं. गावी आला की पारावर गप्पांना नुसता ऊत यायचा. निम्म्या थापा असतील, असेनात का! तसं सांगणारा पुन्हा झाला नाही.

मग एका सफरीत भट्टीचं लोखंडी दार त्याच्या गुडघ्यावर पडलं. कंपनीनं त्याला घरी धाडलं आणि मागोमाग कागद आला, बीडच्या दवाखान्यात पाय तपासून घ्या. निकामी ठरला तर भरपाई आणि नोकरीला रामराम. धड ठरला तर पुन्हा बोट. घरादाराला भरपाई हवी होती. बंकटला बोट हवी होती. खालची जमीन हलत नाही म्हणून त्याला झोपसुद्धा लागत नव्हती, बिचाऱ्याला.

बायको साखराबाई त्याला बैलगाडीत घालून दोन दिवसांत बीडला पोचली. डॉक्टर म्हणाले, "अंगणात चालून दाखव."

इथं बापाची विद्या कामी आली. बाप आसाराम बैलांचा व्यापारी. केजच्या बाजारात लंगडा बैल मऊ मातीवरून, मान वर धरून असा काही चालवायचा की भले भले फसायचे. बंकटनंही फरशी टाळली, मऊ माती धरली, दात आवळले आणि मान ताठ ठेवून गेला तसा परत आला.

"पाय बरा दिसतोय," म्हणत डॉक्टरांनी लेखणी उचलली. बंकटच्या छातीत बोटीचा भोंगा वाजला.

"सायब," साखराबाई पदर सावरत म्हणाली, "ह्यान्ला जरा उकिडवं बसवा. मंग उठाया सांगा."

तीही व्यापाऱ्याचीच लेक. बसवून उठवल्याशिवाय तिच्या माहेरी कुणी बैल घेत नसे.

बंकट बसला. उठता काही येईना. दोनदा हात टेकले, तिसऱ्यांदा डॉक्टरांनीच धरून उभा केला आणि लिहिलं, बोटीच्या कामास कायमचा निकामी.

बाहेर येताच बंकट पायरीवर बसून ढसाढसा रडला. "कावून बोललीस गं? पैशापायी दर्या तोडलास माझा."

"आग लागो त्या पैशाला!" साखराबाई म्हणाली. "अकरा वर्सं दर्याची झाली. त्यात मी कशी राह्यले, कवा इचारलंत?"

साऱ्या गावाला एडन सांगणाऱ्या बंकटनं घरी हे कधीच विचारलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली. भर रस्त्यात बायकोच्या खांद्यावर हात ठेवायचा तो काळ नव्हता. बंकटनं ठेवला, आणि गाडीपर्यंत काढला नाही.