शांताच्या कवटीचा एक्स-रे

माफ करा, फार उशिरा लिहितोय... पंचेचाळीस-पन्नास वर्षं उशिरा. सातवी शिकलेला माणूस, सुनेच्या मोबाइलवर एका बोटानं टाइप करतोय.

सत्तर-पंचाहत्तरच्या सुमाराची गोष्ट. सोलापुरात चादरीच्या कारखान्यात मी मागावर नक्षी उतरवणाऱ्या डिझाइनच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडायचो. धाकटी बहीण शांता तेव्हा अठराची. कपाळाच्या वर, केसांत दडलेली सुपारीएवढी गाठ होती तिला. लग्न ठरत आलेलं, म्हणून दवाखान्यात नेली.

"हलू नको गं, लग्नाचा फोटो न्हाय ह्यो!" एक्स-रेवाला म्हणाला. शांताला हसू आलं, फोटो हलला... दुसरा काढावा लागला.

डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली. पांढऱ्या कवटीत काळं गोल भोक, कडा पेन्सिलीनं काढल्यासारख्या. "जन्मापासूनची गाठ आहे. क्वचित दिसते. हाड पोखरतेय. पुण्याला ने, ऑपरेशन करतील." पुढचं मी घाबरून ऐकलंच नाही.

आमच्या खात्यात पुठ्ठ्याला चुकून भोक पडलं की कागद चिकटवून बुजवायचे. रोजचंच होतं ते. मला वाटलं, इथंही तसंच... पहिली फिल्म बिघडली, दुसरीही बिघडली असणार.

"अव्वा, भोक फिल्मला हाय, पोरीच्या डोक्याला न्हाय," मी आईला सांगितलं.

"मग गप ऱ्हा की! रविवारी पाव्हणे यायलेत."

फिल्म ट्रंकेत गेली, शांता होटगीला नांदायला गेली. दोन वर्षांत तिला झटके यायला लागले. सासरचे लिंबू उतरवत राहिले... आणि मी डॉक्टरांचं बोलणं कुणालाच सांगितलं नाही. तिची पोर सहा महिन्यांची असताना शांता गेली.

नंतर तीच फिल्म घेऊन त्याच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ती पुन्हा उजेडात धरली. मग म्हणाले, "कॅन्सर नव्हता रे. त्या दिवशीही सांगितलं होतं तुला. काढली असती तर जगली असती."

त्यानंतर एक दिवस सुखाचा गेला नाही... जाऊही नये.

महादेवी, ती सहा महिन्यांची पोर तू. तुझ्या घरच्यांना हे कळल्यापासून तुझा पत्ता मला कुणी देत नाही, बरोबरच आहे. पण परवा कळलं, तुझं डोकं सारखं दुखतं. ही गाठ आईकडून येत नाही म्हणतात... तरी माझा जीव थाऱ्यावर नाही. एकदा स्कॅन करून घे, आणि डॉक्टर बोलतील ते शेवटपर्यंत ऐक.

कुणी तिला ओळखत असेल तर हे दाखवा. शिव्या दे पोरी, पण रिपोर्ट काय आला ते या मामाला लवकर कळव...