साल फारशी बदलत नाही

सौदीतल्या थुवालच्या विद्यापीठात मी विषाणूंवर काम करतो, एवढंच आमच्या गावाला ठाऊक. खरं सांगायचं तर मी विषाणू कधी पाहिलेलाच नाही. माझ्यासमोर असतात संगणकावरच्या अक्षरांच्या रांगा. करोनाच्या आवरणातल्या प्रथिनाची जनुकीय अक्षरं हजारो नमुन्यांत जुळवायची आणि कुठलं बदललं ते टिपायचं. ओलं असं माझ्या टेबलावर काही असेल, तर तो सांडलेला चहा.

पण गावात मी करोनाचा डॉक्टर! कुणी तसं म्हटलं की मी 'नाही हो' म्हणायचो, पण जरा उशिराच म्हणायचो.

दुसऱ्या लाटेत ताईचा व्हिडिओ कॉल आला. तिच्या तापाचा चौथा दिवस होता.

"काय रे शहाण्या, हा नवीन म्हणतात तो जास्त वाईट का?"

बस्स! मी सुटलोच. काटे वेगळे, आवरण वेगळं, आवरणातलं प्रथिन विषाणूचा आकार कसा धरून ठेवतं... दहा मिनिटं बोललो.

"म्हणजे फणसाची साल का रे?"

"काटे सोडून उरते ती. ती फारशी बदलत नाही. या नव्यात तिचं एकच अक्षर बदललंय."

"पायऱ्या चढताना धाप लागते मला. हे म्हणतात चिपळूणला जाऊन ॲडमिट हो. होऊ?"

इथे 'मला नाही कळत, डॉक्टरांना विचार' एवढंच म्हणायचं होतं. पण दहा मिनिटांच्या भाषणानंतर ते तोंडातून निघेना. एका अक्षराचा तिच्या धापेशी काय संबंध, हे मलाच ठाऊक नव्हतं. ऑक्सिजन मोजलास का, हेसुद्धा मी विचारलं नाही.

"थांब की दोन दिवस," मी म्हणालो. "घाबरण्यासारखं काही नाही."

ती थांबली. भावोजींनी गाडी सांगितली होती, ती तिने परत पाठवली. तिसऱ्या दिवशी नेलं तेव्हा खाट मिळाली, पण ताई राहिली नाही. विमानं बंद होती. तिला निरोप दिला तो फोनच्या पडद्यावर, आणि तोही मधेच अडकत होता.

भावोजी मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. उलट माझीच समजूत काढत म्हणाले, "तुझा फोन झाल्यावर तिला शांत झोप लागली हो. म्हणाली, माझ्या भावाने सांगितलंय, आता भीती नाही."

अजून गावाकडून फोन येतात. कुणाला ताप, कुणाला खोकला. पुढचं मी ऐकून घेत नाही. "डॉक्टरकडे जा. आत्ता जा," म्हणतो आणि फोन ठेवतो. सौदीत जाऊन शिष्ट झाला, असं म्हणतात म्हणे.

म्हणोत. ताईलाही असंच तोडून बोललो असतो, तर रुसली असती. चार महिने फोन केला नसता तिने. मग चतुर्थीच्या आसपास स्वतःच केला असता.