पहिल्या पानावरचे पेढे

आता काय सांगू तुम्हाला, माणसानं रोज नीट डायरी लिहिली तर तो किती व्यवस्थित फसू शकतो!

ब्रॉडबँड नुकतंच हडपसरला पोचलं होतं. आमच्या घरचा कॉम्प्युटर दिवसभर रिकामा बसलेला. हिच्या मते तो वाघोलीला बहिणीकडे द्यावा, भाचीला अभ्यासाला होईल. मी कुठेतरी वाचलं, की रिकामा कॉम्प्युटर शास्त्रज्ञांची गणितं करून देऊ शकतो. केलेल्या कामाचे गुण मिळतात आणि पुण्याच्या गटाच्या यादीत आपलं नाव लागतं.

लावला की मी! दुसऱ्याच दिवशी यादी उघडली. कुठे काय आहे ते बघावं म्हणून दिसेल तिथे क्लिक केलं, आणि पहिल्याच पानावर माझं नाव. तिसरा!

अख्ख्या सोसायटीला पेढे वाटले.

ही म्हणाली, "महिनाअखेर पहिल्या पानावर असाल तर राहू दे. नाहीतर वाघोली."

मी म्हटलं, मंजूर.

पण झालं काय, की कॉम्प्युटर जितका राबे तितका मी खाली! आठवड्यात दुसऱ्या पानावर. मग चौथ्या, मग सहाव्या. 'पुढे', 'पुढे' दाबत स्वतःला शोधायचं आणि डायरीत पानाचा नंबर लिहायचा, हाच उद्योग. ऑफिसला जातानासुद्धा कॉम्प्युटर चालू, वर टेबलफॅन. तरी घसरण चालूच. कोण हे पुण्यातले राक्षस?

अशात दोन दिवस वीज गेली. यादी बघतो तर काय, मी चार नावं वर!

डायरी पुन्हा वाचली. काम केलं की खाली, विश्रांती घेतली की वर. सगळं लेखी होतं हो! मी कॉम्प्युटर सरळ बंद केला. फक्त यादी बघण्यापुरता चालू. आठ दिवसांत पाचवं पान! सकाळी फिरायला येणाऱ्यांना मी यंत्राच्या विश्रांतीवर व्याख्यानसुद्धा दिलं. तिघांनी घरी जाऊन फ्रीज बंद केले म्हणे.

महिनाअखेर आली तरी मी पाचव्याच पानावर. हिनं साक्षीदार म्हणून शेजारच्या मेश्राम वहिनींना बोलावलं. नागपूरच्या त्या, आयटी कंपनीत नोकरीला. मी डायरी उघडून सगळं समजावलं. त्यांनी यादीचं पहिलं पान उघडायला लावलं.

"भाऊजी, पहिल्या नंबरवाल्याचे गुण किती?"

"शून्य."

"आणि दुसऱ्याचे?"

"शून्यच." माझा आवाज जरा बारीक झाला.

"मग तुम्हाला काही वाटलं नाही?"

"वाटलं, की फारच मुरलेले दिसतात."

वहिनींनी 'गुण' या शब्दावर एकदा क्लिक केलं. यादी उलटी झाली. म्हणजे सुलटी! पहिल्यांदा उघडली तेव्हाच मी ती चुकून उलटवली होती आणि तेव्हापासून तशीच बघत होतो.

"म्हणजे वहिनी, तो तिसरा नंबर…"

"शेवटून, भाऊजी. पेढे मात्र छान होते."

राबत होतो तेव्हा वर चढत होतो. आणि त्यालाच घसरण समजून मीच मशीन बंद केलं!

मी वाघोलीसाठी वायरी सोडवायला वाकलो.

"राहू द्या हो तो," ही म्हणाली. "कॉम्प्युटरचं काय चुकलंय? सांगितलेलं सगळं काम त्यानं केलं. वाघोलीला दुसरं कुणाला पाठवायचं, ते मी बघते!"